तुझ्याशी भांडण चालू आहे

१२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार वहिनींना. तुला नाही, कारण तुझ्याशी माझं भांडण चालू आहे आणि ते मिटल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही.

काल वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या, त्यामुळे आधी मी भलतंच समजले. मग कळलं की बाई आनंदाने रडताहेत. "वन्सं, हे बोलले! झटका आल्यापासून पहिल्यांदा बोलले!" मी विचारलं, काय बोलला? तर बरेच आढेवेढे घेतले आणि मग म्हणाल्या, "सकाळी मी यांना पेपर वाचून दाखवत होते. चुकून तुमचा लेख वाचायला घेतला. यांनी दोन परिच्छेद ऐकून घेतले आणि म्हणाले, 'मूर्ख'."

मेंदूत गुठळी अडकून तुझी उजवी बाजू आणि वाचा गेली त्याला दीड महिना होऊन गेला. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता, रोज संध्याकाळी टीव्हीवर बसून समोरच्या चौघांना तोंड उघडू न देणारा माणूस, इतके दिवस 'हं'च्या पुढे सरकला नव्हता. आणि पहिला धड शब्द निघाला तो सख्ख्या बहिणीसाठी. मला आजवर पुष्कळांनी मूर्ख म्हटलंय. मालकांनी म्हटलंय, मंत्र्यांनी म्हटलंय, वाचक तर दर आठवड्याला म्हणतात. पण इतका आनंद कुणी दिला नव्हता, दादा. मी फोन ठेवला आणि एकटीच घरभर फिरत हसत होते.

वहिनींनी तुझ्या स्पीच थेरपीच्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणे, चिडल्यावर आपोआप निघालेला शब्द हे चांगलं लक्षण, आता त्याच्यामागून ठरवून बोललेला शब्द यायला हवा. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, तेवढ्यात जे परत येईल ते येईल. उत्तर द्यावंसं वाटेल असं काहीतरी यांच्या कानावर पडत राहू दे. आता तुला उत्तर द्यावंसं वाटेल असं या जगात माझ्याइतकं कोण लिहिणार? तेव्हा मी पत्रं लिहिणार आणि वहिनी ती तुला वाचून दाखवणार. फोनवर तू माझ्याशी बोलणार नाहीस, मला घरात घ्यायचं नाही असं डावा हात हलवून बजावलंयस, हे सगळं मला कळलंय. नको घेऊस. पत्र येईलच.

आणि हे मी दया म्हणून करते आहे असा गैरसमज नको. चार वर्षांपूर्वी तू टीव्हीवर माझ्या लेखातलं वाक्य वाचून दाखवलंस आणि नाव न घेता मला 'भाड्याची लेखणी' म्हणालास. पुढच्या बुधवारी मी 'पगारी जीभ' असा मथळा देऊन नाव न घेता तुझी सालटी काढली. त्यानंतर तू बोलणं टाकलंस. मी टाकलं नव्हतं. मला बोलायला माणूस मिळेना झाला, एवढंच.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या पक्षात विरोधकांचे ते धिप्पाड माजी मंत्री आले. त्यांच्या गैरव्यवहाराचे कागद फडकावत तूच दोन वर्षं घसा कोरडा केला होतास. परवा तुझे अध्यक्ष त्यांना हार घालत होते. ती फाइल कुठे ठेवलीत रे? टेबलाच्या लंगड्या पायाखाली? पक्ष वाढवायचा म्हणून कुणालाही आत घ्यायचं आणि वर त्याला विचारधारेचा विजय म्हणायचं, याला माझ्या भाषेत निर्लज्जपणा म्हणतात. तुमच्याकडे आता विरोधी पक्ष बाहेर कमी आणि आत जास्त आहे.

यावर बोल काहीतरी.

तुझी (तू मानत नसलास तरी, लहानपणी हे नाव ठेवणारा तूच)
टाचणी


२१ नोव्हेंबर

दादा,

वहिनींनी सगळं सविस्तर कळवलं. पत्र ऐकताना तू लाल झालास, पांघरूण लाथाडलंस, ते डाव्या पायाने, आणि म्हणालास, "तुमचे पण."

दोन शब्द! अभिनंदन! आणि बघ, या दोन शब्दांत तू तुझ्या पक्षाचं संपूर्ण धोरण सांगून मोकळा झालास. शाळा का बंद पडल्या? तुमच्या वेळी पण पडल्या. पूल का कोसळला? तुमचा पण कोसळला होता. टीव्हीवर तुला हेच सांगायला अर्धा तास लागायचा.

पण 'तुमचे' म्हणजे कुणाचे रे? मी कुणाची आहे? विरोधकांची आघाडी माझी कोण लागते? त्यांच्याविषयी मी काय लिहिते ते तू वाचत नाहीस म्हणून सांगते. सहा पक्ष एका टेबलाशी बसलेत आणि सहाही जणांची नजर एकाच खुर्चीवर आहे. सकाळी एकजूट, दुपारी जागावाटप, संध्याकाळी एक जण रुसून गावी. मागच्या बुधवारी मी हे छापलं तर त्यांचा एक पुढारी आमच्या कार्यालयात येऊन संपादकांसमोर टेबल आपटून गेला. संपादक मला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे दोन्हीकडचे लोक इथे येऊन टेबलं आपटतात." मी म्हटलं, मग टेबल जरा मजबूत घ्या.

तेव्हा 'तुमचे पण' हे उत्तर बाद. दुसरं दे. प्रश्न असा आहे. जमिनींचं ते विधेयक तुझ्या सरकारने परवा सभागृहात आणलं, मांडलं, आवाजी मतदान घेतलं आणि मंजूरही केलं. मी कार्यालयात टीव्हीवर बघत होते, माझ्या हातातला चहा अजून गरम होता. लाखो लोकांच्या घरादाराशी ज्याचा संबंध आहे त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. बहुमत मिळालं म्हणजे विचारण्याची कटकट मिटली असं तुम्हाला वाटायला लागलंय. लोकांनी तुम्हाला राज्य करायला निवडून दिलंय, ऐकणं बंद करायला नाही.

एक विचारायचं राहिलं. उजवा हात हलतो का? वहिनी त्याबद्दल काही बोलत नाहीत.

टाचणी


५ डिसेंबर

दादा,

"ते बाहेर गेले!"

वहिनींनी मला हे वाक्य फोनवर तीनदा म्हणून दाखवलं, तुझ्या आवाजात. छान नक्कल करतात, तुला माहीत आहे का? वाक्य बघ कसं पूर्ण आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, शेवटी आवाज चढलाय. थेरपीच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं म्हणे. उजव्या हाताची बोटंही जरा मिटायला लागली आहेत, हेही कळलं. मी आमच्या कार्यालयात चहा दिला सगळ्यांना. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आता वाक्याचं बघू. विरोधक सभात्याग करून बाहेर गेले म्हणून चर्चा झाली नाही, असं तुला म्हणायचंय. हे मात्र खरं आहे. त्यांना बाहेर जायला फार आवडतं. बाहेर कॅमेरे असतात, ऊन असतं, पायऱ्यांवर उभं राहून घोषणा देता येतात. आत बसून विधेयकाची कलमं वाचावी लागतात, त्याचा त्यांना कंटाळा. हा मुद्दा तुझा. पण खोलीतून चार जण उठून गेले म्हणजे उरलेल्यांनी बोलायचं नाही असं कुठे लिहिलंय? तुमचेच पावणेतीनशे जण आत बसले होते. त्यातल्या एकाच्याही मतदारसंघात जमीन नाही? अर्धा मुद्दा तुझा, अर्धा माझा.

देशातलं पुरे. जरा जगाकडे बघू. त्या बड्या देशाने आपल्या मालावर जबर कर बसवला. मागच्याच महिन्यात त्यांचे अध्यक्ष आणि आपले नेते गळ्यात गळे घालून उभे होते. फोटो तुम्ही चौकाचौकांत लावलात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी अजून आहे, आता एका बाजूने फाटलाय. माझं म्हणणं साधं आहे. देशादेशांत मैत्री वगैरे काही नसते, गरज असते. गरज संपली की मिठी सुटते. हे कळायला परराष्ट्र खातं कशाला लागतं, भाड्याने घर घेतलेल्या कुणालाही विचार. आणि तुम्ही मात्र मिठीलाच धोरण समजून बसलात.

मला एक सारखं आठवतंय. मतदानाच्या दिवशी आपण दोघं बरोबर चालत जायचो, एकमेकांचं मत खोडायला. तू राजधानीत राहायला गेलास तरी त्या दिवसापुरता यायचास. आई म्हणायची, "मग घरीच बसा की दोघं, हिशोब तोच." आणि आपण तरीही जायचो, येताना कोपऱ्यावर चहा प्यायचो, तिथे पुन्हा भांडायचो. गेल्या वेळी मी एकटी गेले. चहाला थांबले नाही. थांबून काय करणार होते?

असो. करावर बोल.

टाचणी


२० डिसेंबर

प्रिय दादा,

वहिनींनी कळवलं की तुझ्या जागी पक्षाने नवा प्रवक्ता नेमला. तू ते टीव्हीवर बघितलंस आणि रिमोट भिंतीवर फेकलास, मग बराच वेळ रडलास, असंही त्या म्हणाल्या. पक्षातून कुणी आधी फोनसुद्धा केला नाही म्हणे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. कराच्या मुद्द्यावर तू "फोटो नाही... काम... मागे" असं म्हणालास ते मला कळलं. फोटो दिसतात, काम मागच्या बाजूला चालू असतं. तुझं बरोबर असेल. मी बाहेरून बघते, तू आतून बघत होतास. जमिनीच्या विधेयकाबद्दलही मी जरा घाईने लिहिलं असेन. तुझ्या पक्षाने देशासाठी बरंच केलंय हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता तू विश्रांती घे. राजकारणाचा विचार करून त्रास करून घेऊ नकोस. होईल सगळं ठीक.

तुझी बहीण


३ जानेवारी

दादा,

गेलं पत्र फाडून टाक. वहिनींना सांग, फाडा म्हणून. डाव्या हाताने तुला जमणार नाही असं मी आधी लिहिणार होते, पण रिमोट फेकता येतो तर कागदही फाडता येईल.

वहिनींनी मला सगळं सांगितलं. त्या पत्र वाचत होत्या, तू ऐकत होतास. "तुझं बरोबर असेल" हे वाक्य आलं तेव्हा तू त्यांच्याकडे बघितलंस. पत्र संपलं. मग तू अगदी स्पष्ट विचारलंस, "मी... मेलो?"

त्यानंतर तू भिंतीकडे तोंड करून पडलास. थेरपीच्या बाईंना परत पाठवलंस. वहिनींशीही बोलत नाहीस. बाई म्हणतात, हे दिवस वाया गेले तर परत मिळायचे नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही असं गोडगोड का लिहिलंत? तुम्ही त्यांचं बरोबर म्हटलंत, त्यांना वाटलं संपलं." इतक्या वर्षांत वहिनींनी मला पहिल्यांदा सुनावलं. अगदी योग्य सुनावलं.

तर ऐक. तू मेलेला नाहीस. आणि तुझं बरोबरही नाही.

जमिनीचं विधेयक घाईचं होतं, घाईचंच राहील. मिठीचं धोरण पोकळ आहे. तुझ्या पक्षाने देशासाठी काय केलंय याचा पाढा मला पाठ आहे आणि त्यात गाळलेल्या ओळीही पाठ आहेत. आणि तुझ्या पक्षाने तुझ्याशी जे केलं ना, त्यावर मला सभ्य शब्द सुचत नाहीत. इतकी वर्षं तू त्यांच्यासाठी नाही ते गिळलंस, बहिणीला टाकलंस, आणि आजारी पडलास तर त्या गुळगुळीत केसांच्या पोराला तुझ्या खुर्चीत बसवलं. त्याला धड खोटंही बोलता येत नाही. तू बोलायचास तेव्हा निदान ऐकावंसं तरी वाटायचं.

आणि ते जुनं. मी माफी मागणार नाही. तूही मागू नकोस, तुझ्या तोंडून ती ऐकून मला चैन पडणार नाही. 'पगारी जीभ' हा मथळा चांगला होता. तुझी जीभ अडकली असं कळलं त्या दिवशी मला तो मथळा आठवला आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ढसाढसा रडले. पण मथळा मागे घेत नाही. तू मला भाड्याची म्हणालास. मला! वडील गेल्यावर दोन नोकऱ्या करून कुणाच्या दाराशी न गेलेल्या माणसाला. मला त्याचा राग आहे आणि तो मी राखून ठेवलाय. तू उठून बसलास की समोरासमोर भांडायचंय. अर्ध्या आवाजाच्या माणसाशी भांडून मला काय मिळणार?

आता नवा मुद्दा, आणि हा मी तुझ्या अंगावर फेकते आहे. कर लावणारा नव्हे, दुसऱ्याच एका मोठ्या देशाने शेजारच्या लहान देशावर रणगाडे घातले. शहरं पाडली, माणसं मारली. सगळ्या देशांची सभा भरली, ठराव आला, हल्ला करणाऱ्याचा निषेध करायचा की नाही? आपण काय केलं? तटस्थ. हातच वर केला नाही. ना हो, ना नाही. एवढा मोठा देश, एवढा जुना, जगाला शहाणपण शिकवत फिरणारा, आणि ज्या दिवशी एक साधं 'नाही' म्हणायचं होतं त्या दिवशी याने खिशात हात घातले. तुझे लोक याला मुत्सद्देगिरी म्हणतात. मी याला भित्रेपणा म्हणते. गल्लीत कुणी एखाद्याला मारत असताना जो खिडकी लावून घेतो, त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो का?

याला तुझ्याकडे उत्तर नाही. नवा प्रवक्ताही परवा टीव्हीवर याच्यापुढे तोंड वासून बसला होता.

आणि या वेळी उत्तर वहिनींकरवी नको. मला निरोप नको, तुझा आवाज हवा. अडखळत असेल, तुटत असेल, मला त्याचं काही नाही. फोन उचल आणि मला गप्प कर. हिंमत असेल तर.

टाचणी


१८ जानेवारी

दादा,

काल फोन ठेवल्यावर लगेच तुला लिहिता आलं नाही, आधी लेख द्यायचा होता. तुझ्या बाजूला काय चाललं होतं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगते.

दुपारची वेळ होती. मी कार्यालयात होते, बुधवारचा लेख द्यायचा होता. छपाईचं पान लावणारा दारात उभा राहून घाई करत होता, कारण पानावर माझ्या लेखाच्या जागी अजून पांढरं दिसत होतं. फोन वाजला. वहिनी होत्या. घाईघाईने म्हणाल्या, "हे बोलणार आहेत. एक लक्षात ठेवा वन्सं, बाईंनी बजावलंय, शब्द अडला तरी आपण सुचवायचा नाही. त्यांचा त्यांना सापडू द्यायचा. तुमची सवय मला माहीत आहे." आणि त्यांनी फोन तुला दिला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. चार वर्षांनी तुझा श्वास ऐकला मी. मग तू म्हणालास, "मत... दिलं नाही. बरोबर... केलं."

मी म्हटलं, "का बरोबर केलं? कारण सांग."

"आपली... आपली... तिथे..."

तुला आठवतंय का तू किती वेळ थांबलास? मला आठवतंय. तू म्हणालास, "पाणी." मग म्हणालास, "नाही, नाही." मग "लोखंडाचं... मोठं..." आणि चिडून काहीतरी आपटलंस. वहिनी मागून म्हणत होत्या, सावकाश, सावकाश.

आता खरं सांगते. 'पाणी' म्हणालास तेव्हाच मला कळलं होतं तुला काय म्हणायचंय. त्या मोठ्या देशाच्या बंदरात आपलं एक मालवाहू जहाज अडकून पडलं होतं. वर आपली माणसं होती, बायकापोरं इथे वाट बघत होती. आपण ठरावावर तटस्थ राहिलो आणि त्यानंतरच्या आठवड्यात जहाज सुटलं. आमच्याच पेपरात आतल्या पानावर लहानशी बातमी होती. मी ती वाचली होती. तुला पत्र लिहिताना ती मला आठवली होती आणि मी ती वगळली होती, कारण माझ्याकडे तिला उत्तर नव्हतं. मला वाटलं, खाटेवर पडलेल्या माणसाला कुठे आठवणार आहे?

तर मला शब्द माहीत होता. जिभेच्या टोकावर होता. तुला दुसरा प्रश्न विचारून मला तो बुडवता आला असता, तू आणि मी दोघंही यात तरबेज आहोत. तो एकाएकी म्हणूनही टाकता आला असता, म्हणजे तुझे हाल थांबले असते. पान लावणारा घड्याळाकडे बोट दाखवत होता. मी त्याला हाताने गप्प केलं आणि फोन कानाशी दाबून बसून राहिले. आयुष्यात कधी कुणासाठी अशी तोंड मिटून बसले नव्हते, दादा. ओठ आतून चावले तर रक्त आलं.

मग तू म्हणालास, "खलाशी."

आणि तो सापडल्यावर तुझं बाकीचं मागोमाग आलं, तुकड्यातुकड्यांनी, पण आलं. "खलाशी. घरी आले. निषेध... केला असता... तर नाही. तुझा लेख... आणतो घरी?"

  मी हरले, दादा. तटस्थ राहणं भित्रेपणाचंच आहे असं मला आजही वाटतं, त्या लहान देशातल्या मेलेल्या माणसांचं काय हा प्रश्न तसाच उरतो. पण तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते पत्र लिहितानाही नव्हतं.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पान लावणारा घाबरून निघून गेला.

माझा आवाज येईना तेव्हा तू दोनदा 'हॅलो' म्हणालास. मग म्हणालास, हळू, नीट, एकही शब्द न तोडता, "टाचणी, तू बरी आहेस ना?"

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग लेख लिहिला. तटस्थतेवरच लिहिला आणि भित्रेपणा हा शब्द ठेवलाय. पण वर पहिल्या परिच्छेदात खलाशांचा मुद्दा मांडलाय, जसा तू मांडलास तसा, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही असं स्पष्ट छापून दिलंय. कात्रण या पत्रासोबत आहे. वहिनींना सांग, हा लेख त्यांनी वाचायचा नाही. शनिवारी सकाळी मी पोचते आहे. समोर बसेन. तू वाच, मोठ्याने, कितीही वेळ लागू दे.

टाचणी